लाल गोळी आणि लाल पुडी

रविवारी विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि बायका नेहमीप्रमाणे जोत्यावर टेकल्या. मी अनेक वर्षं रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलेली, त्यामुळे कुणी ना कुणी कागद घेऊन येतंच. त्या दिवशी एक विडी वळणारी ताई आली. रिपोर्टात हिमोग्लोबिन ८.४. बाईला किमान १२ लागतं. तिने पिशवीतून दोन वस्तू काढून माझ्यापुढे ठेवल्या. एक, आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्यांच्या तीन पट्ट्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. दुसरी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तांबूस पूड, निम्म्याहून अधिक संपलेली.

"गोळीनं मळमळतं बघा ताई, आणि संडास काळी होती. मग भ्याले. पुडी बाजारात मिळाली. सुवर्णभस्म, लोहभस्म सगळं हाय म्हणला त्यो. बाराशे घेतले."

गोळी फुकट होती म्हणून तिची किंमत नव्हती, पुडी बाराशेची म्हणून औषध ठरली. हे काही त्या एकट्या ताईचं नाही. आपल्या वस्तीत ज्या घरी जाल तिथे मसाल्याच्या डब्याशेजारी न फोडलेल्या लाल पट्ट्या सापडतील. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते: धातू पोटात घ्यायला हरकत नाही, पण कोणता, कोणत्या रूपात आणि किती मिलीग्रॅम, हे ज्याच्यावर लिहिलेलं नाही ते पोटात घालायचं नाही. मग देणारा भगव्या कपड्यातला असो, पांढऱ्या कोटातला असो, नाहीतर आपलाच नातेवाईक असो.

आधी लोहाचं बघू. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, बाईच्या अंगात त्याहून थोडं कमी. म्हणजे एखादा लहान खिळा होईल एवढंच. त्यातलं बहुतेक रक्तात, हिमोग्लोबिनमध्ये बसलेलं असतं. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक कणात लोहाचे चार अणू असतात आणि फुप्फुसात आलेला प्राणवायू ते धरून ठेवतात, मग हातापायांत, मेंदूत, पोटातल्या बाळापर्यंत नेऊन सोडतात. लोह कमी पडलं की हमाल कमी पडले. मग जिना चढताना धाप लागते, हजार विड्या वळून होत नाहीत तोच हात जड होतात, लेकरू शाळेत पेंगतं आणि मास्तर त्याला मठ्ठ म्हणतात. दर महिन्याच्या पाळीत बाईचं लोह जातं. एका बाळंतपणाला सुमारे एक हजार मिलीग्रॅम लागतं. ते कुठून येणार, हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांचं जेवण झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते तिचं.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी जवळजवळ ६९ टक्के रक्तक्षयाचे निघाले. निम्म्याहून अधिक बायका आणि तीनांतली दोन लेकरं. एवढे लोक एखाद्या साथीने आजारी पडले असते तर सभागृहात गोंधळ झाला असता. रक्त कमी असणं मात्र बाईच्या नशिबातच असतं, असं आपणही धरून चाललो आहोत.

आता ती गोळी काय आहे? तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. २०१८ पासून 'ॲनिमियामुक्त भारत' या नावाने जी मोहीम चालली आहे, तिच्यात लहान बाळाला पातळ औषध, शाळेतल्या पोरांना गुलाबी, वयात आलेल्या मुला-मुलींना निळी आणि गरोदर बाईला लाल गोळी, असे रंग ठरलेले आहेत. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. रक्त आधीच कमी असेल तर प्रमाण वाढवतात, ते दवाखान्यातच ठरतं.

गोळी घेऊन संडास काळी होते, कारण अंगात न शोषलेलं लोह बाहेर पडतं. त्यात भिण्यासारखं काही नाही. उलट गोळी पोटात गेली याची ती खूण. मळमळ होते हे मात्र खरं आहे आणि ती होतेच कशी म्हणून बाईला दटावणाऱ्यांचा मला राग येतो. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर रात्री जेवून थोड्या वेळाने घ्यावी, झोपेत मळमळ कळत नाही. तरीही सोसली नाही तर परत जाऊन सांगावं, गोळी बदलून मिळू शकते, फार कमी रक्त असेल तर शिरेतूनही लोह देतात. पण मनानेच बंद करून डब्यात टाकायची नाही. नीट घेतली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एकाने चढायला हवं. चढलं नाही, तर कारण दुसरं आहे आणि ते शोधायला हवं.

गोळीइतकाच घोळ आपल्या ताटात होतो, आणि इथे थोडं रसायन समजून घ्यावं लागेल. लोह दोन रूपांत सापडतं. एक रूप गंजातलं, विरघळायला जड. दुसरं सहज विरघळणारं, आतड्यातून अंगात जाणारं. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह बहुतेक पहिल्या रूपात असतं. लिंबाचा रस, चिंच, आवळा, पेरू, टोमॅटो यांच्यातलं आंबट त्याचं रूप पालटतं आणि ते अंगी लागतं. चहा याच्या उलट करतो. चहातलं तुरट द्रव्य लोहाला घट्ट धरून बसतं आणि दोघं मिळून बाहेर जातात. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण चार मिलीग्रॅम लोह आहे, मंगळवेढ्याच्या मालदांडीला तर सरकारी मानांकनही आहे, पण कडक भाकरी, शेंगाचटणी आणि लगेच वर कपभर चहा हे आपलं सोलापुरी जेवण झालं की त्या चारातलं अंगी लागतं किती? अगदी थोडं. विडी वळताना, मागावर, धुणीभांडी करताना भूक मारायला बायका दिवसभर चहावर काढतात. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, मीही सोडलेला नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, गोळी आणि चहा यांत दोन तासांचं. गोळी दुधाबरोबर नको आणि गरोदर बाईला कॅल्शियमची गोळी मिळते ती याच वेळी नको. एक सकाळी, एक रात्री. मटकीला मोड आणा, ज्वारी-नाचणीची आंबील करा, आंबवल्याने धान्यातलं लोह मोकळं होतं. भाजी-आमटी जर्मनच्या पातेल्याऐवजी लोखंडी कढईत केली तर कढईचंही थोडं लोह उतरतं, आंबट आमटीत जास्त.

मटणातलं, काळजातलं, वजडी-रक्तीतलं, सुकटातलं लोह तर मुळात रक्ता-मांसातलं असल्यामुळे लिंबाची वाट न बघता अंगी लागतं. आपल्या आज्या हे पुस्तकात न वाचता करत होत्या. २०१५ च्या कायद्याने बैलाचं मांस बंद झालं तेव्हा गरिबाच्या ताटातलं सगळ्यात स्वस्त लोह गेलं, याची कुणी मोजदाद केली नाही. ज्यांच्या ताटात ते कधीच नव्हतं त्यांनी तो निर्णय साजरा केला. असो, काळीज अजून मटणापेक्षा परवडतं. पंधरवड्यातून एकदा आणलं तर पहिली वाटी घरातल्या बाईला आणि वयात आलेल्या मुलीला द्या.

आणि एक गैरसमज. डाळिंब, बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, असं घरोघरी सांगतात. डाळिंब आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आहे, फळ चांगलंच आहे. पण त्याचा लाल रंग लोहाचा नाही, फुला-फळांना असतो तसला रंग आहे आणि त्यातलं लोह नगण्य. लाल दिसलं म्हणजे रक्त, हा हिशेब एकदा डोक्यात बसला की पुडीवाल्याचं काम निम्मं झालं. तो पुडीत गेरू घालेल तरी आपण घेऊ.

पण त्यात गेरूच असता तर एवढं लिहिलं नसतं.

भस्म म्हणजे धातू पुन्हा पुन्हा तापवून केलेली पूड. लोहभस्म, ताम्रभस्म, जस्ताचं यशदभस्म, कथलाचं वंगभस्म आणि शिशाचं नागभस्म. पाऱ्यात गंधक खलून कज्जली करतात, ती कित्येक रसौषधांत पडते. सांगणारे सांगतात की अग्नीने धातू 'शुद्ध' होतो, त्याचं विष मरतं. इथे शाळेतलं विज्ञान आठवा. आगीत लाकूड जळून जातं, धातूचा अणू जळून जात नाही. शिसं तापवलं तर त्याचा ऑक्साईड होईल, गंधकाशी बांधलं तर सल्फाईड होईल, पण आत बसलेलं शिसं शिसंच राहतं. पाऱ्याचं तसंच. संयुग बदललं की ते कमी-जास्त विरघळतं, हे खरं आणि महत्त्वाचं आहे. पाऱ्याचं गंधकाशी झालेलं संयुग साध्या क्षारांपेक्षा पुष्कळ कमी विरघळतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि पुडी बांधणाऱ्याने भट्टी किती वेळ लावली हे तुम्हाला-मला कोण सांगणार?

२००४ साली अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून आपल्याकडून गेलेली ७० आयुर्वेदिक औषधं घेऊन तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा सोमल सापडलं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने सहा गरोदर बायकांची नोंद जाहीर केली. भारतातून आलेली अशी औषधं घेऊन त्यांच्या रक्तात शिसं चढलं होतं. ती तर डबीत बंद, दुकानात विकली जाणारी औषधं. बाजारातल्या कागदी पुडीला कोण विचारतो?

शिसं रक्तात गेल्यावर काय करतं ते ऐकाल तर त्या ताईच्या पुडीची चेष्टा वाटणार नाही. हिमोग्लोबिन अंगात एका झटक्यात तयार होत नाही. मागावर जसं एकामागून एक काम चालतं, तसं ते टप्प्याटप्प्याने विणलं जातं. त्यातल्या एका टप्प्यावरच्या कारागिराच्या हातात जस्ताचा अणू असतो. शिसं येतं, जस्ताला ढकलून त्याच्या जागी बसतं आणि धोटा अडकतो. शेवटच्या टप्प्यावर, विणलेल्या चौकटीत लोह बसवायचं असतं, तिथेही शिसं आडवं येतं. लोह दारात उभं आणि आत घ्यायला कुणी नाही. म्हणजे रक्त वाढावं म्हणून घेतलेली पुडी शिशाची निघाली तर रक्तच कमी करते. मग बाई आणखी थकते आणि आणखी एक पुडी आणते.

ते तिथे थांबत नाही. अंगाला शिसं कॅल्शियमसारखं वाटतं, ते हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. बाई गरोदर राहिली की बाळासाठी हाडातलं कॅल्शियम निघतं, त्याबरोबर शिसंही निघतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. लहान मुलाच्या मेंदूला ते कायमचं अधू करतं, बुद्धी कमी होते, मन एका जागी लागत नाही. मुलाच्या रक्तात शिसं किती असलं तर चालेल, याला जागतिक आरोग्य संघटनेकडे आकडा नाही, कितीही असलं तरी ते वाईटच. आणि ज्या लेकराच्या अंगात लोह कमी, त्याचं आतडं शिसं जास्त ओढून घेतं, कारण दोघांना आत नेणारा दरवाजा एकच. लोहाची वाट बघणाऱ्या दारातून शिसं घुसतं. म्हणून पुडी फक्त वाया जाणाऱ्या पैशाचा प्रश्न नाही. ज्या लेकरांना शिकवण्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य झिजवलं, त्यांच्या डोक्याचा तो प्रश्न आहे.

शिसं घरात येण्याच्या आणखी वाटा आहेत. सुरमा आणि काही काजळं, फार झळाळणारी सुटी हळद, जुना पोपडे निघणारा रंग, आणि ज्या घरी कुणी जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवण्याचं काम करतं तिथे अंगावरचे कपडे. बॅटरीचं काम करणाऱ्याने कपडे बदलून, हातपाय धुऊनच लेकराला उचलावं. रंगात शिसं किती चालेल यावर २०१७ पासून कायद्याची मर्यादा आहे, जुन्या भिंतीला ती लागू होत नाही.

कुणी म्हणेल, ही ताई आयुर्वेदाच्या विरोधात बोलते. पदवी घेतलेले वैद्य आहेत, कायदा आहे. आयुर्वेदिक औषधात विषारी यादीतलं द्रव्य असेल तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, असा इशारा डबीवर छापायला कायदा सांगतो. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, सगळं लिहायला सांगतो. माझा आग्रह एवढाच की हा कायदा आपल्या बाजारात दिसू द्या. आणि वैदू म्हणून शिवी देऊ नका कुणी. वैदू ही भटकी माणसं आपल्यासारखीच गावकुसाबाहेर ठेवलेली, जडीबुटीवर पोट भरणारी. माझा रोख त्यांच्यावर नाही. मोटारीतून येऊन, गळ्यात माळा घालून, सोन्याच्या नावाने पुड्या विकून जाणाऱ्यांवर आहे.

सोन्याच्या नावावर आपण का भुलतो, याचा मी बराच विचार केला आहे. मनुस्मृतीने चांडाळाला फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले होते. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला ती जाळली. तरी १९३५ च्या नोव्हेंबरात अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी अस्पृश्य बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणलं म्हणून त्यांना मारहाण झाली. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी ही घटना नोंदवली आहे. तांब्या-पितळेची घागर डोक्यावर घेणं हाच गुन्हा. ज्या समाजाला सोनं अंगावर घालू दिलं नाही, त्याला आता सोनं पोटात घालायला सांगतात आणि आपण बाराशे रुपये मोजतो. तथागतांनी कालामांना सांगितलं होतं की परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. वंदनेनंतर हे आपण डोलून ऐकतो. बाजारात गेलो की विसरतो.

दुसऱ्या टोकाला जाऊन 'धातू म्हणजे विष' असंही कुणी समजू नये. दवाखान्यात विषारी धातू रोज वापरतात. पोटाचा एक्स-रे काढताना पांढरं दाट बेरियम पाजतात. बेरियमचं एक संयुग उंदीर मारायला वापरत, पण पाजतात ते दुसरं संयुग, पाण्यात विरघळतच नाही, आतड्यातून तसंच बाहेर जातं. धातू तोच, रूप वेगळं. काळा आजार नावाच्या तापाने बंगाल-आसामात गावंच्या गावं उठली, तेव्हा १९२० नंतरच्या काळात कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी अँटिमनीचं औषध बनवलं. रक्ताच्या एका कर्करोगावर सोमल आजही देतात. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात ज्यांनी घरच्या बाईला नेलं असेल त्यांनी सिस्प्लॅटिन हे नाव ऐकलं असेल. ते प्लॅटिनमचं औषध, गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगात किरणांबरोबर देतात. १९६५ मध्ये अमेरिकेत रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जंतूंमधून वीज सोडून बघत होते, विजेच्या तारा प्लॅटिनमच्या होत्या, आणि जंतूंचं विभाजन थांबलं. कारण वीज नव्हे, तारेतून सुटलेलं प्लॅटिनम निघालं. तेच पुढे कर्करोगावर चाललं. हे औषध मूत्रपिंडाला त्रास देतं, म्हणून आधी रक्त तपासतात, सलाइन चढवतात, वजन-उंची पाहून मिलीग्रॅम ठरवतात.

लिथियमचं तर आपल्या वस्तीला जवळचं काम आहे. माणूस कधी बेभान उल्हासात, रात्र रात्र जागणारा, पैसे उधळणारा, तर कधी महिनोन्‌महिने खचलेला, त्याला आपण बाधा झाली म्हणतो आणि देवऋष्याकडे नेतो. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी दाखवलं की लिथियम या साध्या धातूचा क्षार अशा माणसाला ताळ्यावर आणतो. औषधाचं प्रमाण आणि विषाचं प्रमाण यांत अंतर फार थोडं, म्हणून वरचेवर रक्त तपासतात. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, घामाने पाणी आणि मीठ जातं, मग रक्तात लिथियम चढतं. घरात कुणी ही गोळी घेत असेल तर उन्हाळ्यात पाणी भरपूर द्या, जेवणातलं मीठ अचानक तोडू नका, अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका. हात थरथरू लागले, चालताना झोक जाऊ लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी सिव्हिलला न्या. आणि बरा झाला म्हणून गोळी बंद करू नका.

जस्ताची गोळी तर इतकी स्वस्त की तिच्याकडे लक्षच जात नाही. लेकराला जुलाब लागले की क्षारसंजीवनीबरोबर १४ दिवस जस्ताची गोळी द्यायची असते, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि आई गोळी बंद करते. पुढचे अकरा दिवस हे पुढच्या जुलाबाविरुद्धचे असतात.

लाल गोळीची एक गोष्ट मात्र धाक बसावा म्हणून सांगते. ती साखरेच्या गोळीसारखी गोड आणि रंगीत असते. दहा किलोच्या लेकराने दहा गोळ्या चघळल्या तर जिवावर बेतू शकतं. आईचं रक्त वाढवणारं लोह लेकराचं पोट आणि यकृत जाळतं. पट्टी फळीवर उंच ठेवा आणि असं झालं तर घरचा उपाय न करता धावत दवाखाना गाठा, उरलेली पट्टी बरोबर न्या.

आणि रक्त कमी म्हणजे नेहमी लोहच कमी असतं असंही नाही. सिकलसेल हा आजार विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींमध्ये पुष्कळ आहे. नागपूर-चंद्रपूरकडची सोयरीक असेल तर लग्नाआधी मुला-मुलीची ती तपासणी करून घ्या, पत्रिका बघण्यापेक्षा ते बरं. अशा रुग्णाला तपासल्याशिवाय लोह देत राहिलं तर ते अंगात साठत जातं. गड्याचं रक्त कमी निघालं तर मूळव्याधीतून, पोटातून रक्त जातंय का ते आधी बघावं लागतं.

आशाताईंवर मी दोष टाकत नाही. त्यांना घरोघरी फिरून दहा नोंदी भराव्या लागतात. पट्टी हातात देऊन सही घेऊन त्या पुढच्या घरी जातात. पण काळी संडास होईल, भिऊ नका, चहाबरोबर घेऊ नका, ही तीन वाक्यं न सांगता दिलेली पट्टी म्हणजे सरकारच्या हिशेबात खाल्लेली आणि बाईच्या डब्यात पडलेली. ती वाक्यं सांगायला वेळ मिळेल एवढं काम त्यांच्याकडे ठेवा, ही मागणी आपण नगरसेवकाकडे करायला हवी. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघतात, शिसं कुणी बघत नाही. बॅटरीचं काम चालणाऱ्या वस्तीत आणि पुड्या खाल्लेल्या गरोदर बायकांत ते बघायला हवं, हेही मागायला हवं. तोवर विहार समितीने रविवारी अर्धा तास पट्ट्या मोजायला द्यावा, आणि त्या अर्ध्या तासात बाप्यांनीही बसावं. बाराशे रुपये बहुतेक त्यांच्याच खिशातून निघतात आणि लिंबू आणायला तेच विसरतात.

ताईला मी रात्री जेवल्यावर गोळी घ्यायला सांगितलं. संध्याकाळच्या आमटीत लिंबू पिळते म्हणाली, दुपारचा एक चहा तोडला, दुसरा सुटत नाही. पुडी बंद केली. चालू महिन्यात तपासलं तर ९.६ आलं. पुडीवाला बाजारात परत दिसला तेव्हा तिने त्याला विचारलं, शिसं किती हाय ह्याच्यात? तो म्हणाला, आई, श्रद्धा ठेवा. उरलेली पुडी अजून तिच्या ट्रंकेत आहे. बाराशे दिलेत, फेकवत नाही म्हणते.